समेटाचा टेकू

मी सरकारी सलोखा अधिकारी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझी जाऊ अजून हसते. दहा वर्षं झाली, चार तालुक्यांतली भांडणं माझ्या टेबलावर येतात. बांधाची, स्मशानाच्या वाटेची, मिरवणुकीत कुणाचा ट्रॅक्टर पुढं याची. लोक माझ्यासमोर एकमेकांची उणीदुणी काढतात, मी चहा मागवते आणि म्हणते, "झालं ते झालं, आता पुढं बघू या." नवरा सांगतो, मी हे झोपेतही म्हणते. खरं सांगू का, मला त्या वाक्याचा आता वीट आलाय.

पूर्वी आमचं काम अंदाजपंचे चालायचं. सहा वर्षांपूर्वी खात्यानं 'समेट' आणलं. यंत्र म्हणा, प्रोग्रॅम म्हणा. आमची माणसं महिनाभर गावात फिरतात आणि परवानगी घेऊन लोकांचं बोलणं रेकॉर्ड करतात. ग्रामसभा, पार, डेअरीची रांग, सगळीकडं. समेट ते चाळतं. माणूस तोंडानं काय मागतो, त्याला मनातून काय हवं असतं आणि कशावाचून त्याचं खरंच अडतं, असे तीन थर सुटे करतं. मग भांडणाचं झाड काढतं: मुळं कुठली, खोड कुठलं, फांद्या कुठवर गेल्यात. कोण कुणाचं ऐकतो, कशानं माणसं तुटतात, कशानं जुळतात, तेही मांडतं.

मग खरी गंमत. अख्खं गाव, माणसागणिक, संगणकात उभं राहतं आणि दहा हजार वेळा पुढं पळवलं जातं. हवामानखातं उद्याचं आभाळ अनेकदा चालवून बघतं आणि मग पावसाची शक्यता सांगतं, तसंच हे. प्रत्येक फेरीत एखादी गोष्ट बदलायची आणि किती फेऱ्यांत काठ्या निघाल्या ते मोजायचं. शंभरात जितक्या, तो त्या गावाचा भडका-टक्का. दहाच्या आत असला की समेट टिकाऊ.

प्रत्येक समेट कशावर तरी उभा असतो. कुठं सामाईक विहीर असते, कुठं दोन्हीकडच्या सुना एकाच गावच्या असतात. ती गोष्ट यंत्र बरोबर हुडकून काढतं. कागदावर तिला आधारघटक म्हणतात, आम्ही टेकू म्हणतो. टेकूला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम.

यंदा बारा वर्षांची मुदत संपली म्हणून नूतनीकरणासाठी कुसळवाडीची फाइल आली. कुसळवाडी माझं माहेर. साहेबांच्या ते ध्यानात आलं नाही, कारण कागदावर माझं आडनाव सासरचं. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याकडं गेलं असतं. मी मुद्दामच गप्प बसले.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुष्काळ होता. आमच्या शिवारात दरवर्षी दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरतात. मेंढरं, घोडी, बिऱ्हाडं, सगळं घेऊन. शेतकरी त्यांना आपल्या रानात रात्रभर मेंढरं बसवायला सांगतो. रानाला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य आणि मेंढरांना चारा. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. त्या वैशाखात एका सकाळी गावच्या हौदाभोवती दीडशे मेंढरं तोंडाला फेस येऊन मरून पडली. धनगर म्हणाले, गावानं पाण्यात विष घातलं. दुपारी गावातल्या कडब्याच्या गंजी पेटल्या. दिवस मावळेपर्यंत दोन माणसं गेली होती. एक दिनकरआबा काळोखे यांचा धाकटा भाऊ, दुसरा धनगरांचे म्होरके म्हाकूनाना कोकरे यांचा पुतण्या.

पंधरा दिवसांनी समेट झाला. हौद धुणारा, पाणी सोडणारा पंचायतीचा माणूस होता ग्यानबा परीट. त्यानं दोन दिवस आधी हौदात पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली होती. ती जास्त पडली असणार, असं ठरलं. गावाचा दोष नाही, धनगरांचाही नाही, एका माणसाच्या हाताची चूक. परटाचं गावात एकच घर. भावकी नाही, मागं उभं राहणारं कुणी नाही.

ग्यानबा परीट माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

समेट पक्का राहावा म्हणून एक रीत पडली. दरवर्षी समेटाच्या दिवशी गाव आणि धनगर हौदाशी जमतात. एक शेतकरी आणि एक धनगर मिळून एक तांब्या धरतात. सरपंच विचारतो, "चूक कुणाची?" सगळे ओरडतात, "ग्यानबा परटाची!" मग विचारतो, "पाणी कुणाचं?" "समद्यांचं!" तांब्या भुईवर ओततात आणि पंगत बसते. आता तर गावात पोरानं पाणी सांडलं तरी आया म्हणतात, "ग्यानबा झालास का रे?" अण्णा आईला घेऊन माझ्याकडं तालुक्याला आले आणि तीन वर्षांत गेले. शेवटपर्यंत एकच सांगायचे, "डब्याच्या झाकणानं मोजून टाकली व्हती गं पावडर."

फाइलीत पार तळाशी एक कागद सापडला. जनावरांच्या दवाखान्याचा शवविच्छेदनाचा अहवाल. समेटाच्या कागदांत तो कधी जोडलाच नव्हता. मेंढरांच्या पोटात ज्वारीचे कोवळे फुटवे. पिक्रिक आम्लात भिजवलेला कागद तांबडा झाला, म्हणजे सायनाइड. टीसीएलशी संबंध नाही. खाली डॉक्टरची सही, शिक्का, तारीख.

शेतीवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. ज्वारी कापली की बुडख्याला पुन्हा फुटवे येतात. पाण्याचा ताण पडलेल्या त्या कोवळ्या फुटव्यांत एक द्रव्य असतं, जनावराच्या पोटात त्याचं विष होतं. त्याला किराळ लागणं म्हणतात. अर्ध्या तासात जनावर आडवं. धनगराच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मग नानांनी मेंढरं घातली कशी? अहवालात रानाचा गट नंबर होता, तो दिनकरआबांचा निघाला. आबांना खत हवं होतं, म्हणून बोलावलं. नानांची मेंढरं चार दिवस उपाशी, म्हणून बसवली. दोघांनी डोळे मिटून जुगार खेळला. पहाटे मेंढरं फुटव्यांवर पडली, तिथून हौदावर गेली आणि तिथंच कोसळली.

मी तो कागद हातात घेऊन ऑफिसात ढसाढसा रडले. शिपाई पाणी घेऊन आला, त्याला म्हटलं, डोळ्यांत कचरा गेलाय.

मग रडून झाल्यावर काम केलं. कुसळवाडीचा भडका-टक्का सहा. उत्तम. टेकू काय, तर 'सामाईक दोष: ग्यानबा परीट'. अहवाल जाहीर केला तर? अठ्ठावन्न. अहवाल दाबून नुसतं नाव घ्यायचं थांबवलं तर? एक्केचाळीस. कारण नाव काढलं की प्रश्न उघडा पडतो, मग चूक कुणाची?

साहेबांना फोन लावला. "मॅडम, टेकू आहे तो. हात लावू नका, सही करा."

"साहेब, माणूस निर्दोष आहे."

"मेलेलाच आहे ना?" साहेब म्हणाले. "जिवंतांचं बघा."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीच हे दोनशे गावांत सांगितलंय, जरा गोड करून एवढंच.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण आईपासून काय लपतंय! जेवताना म्हणाली, "कांचे, कुसळवाडीचं काय झालं?" मग सगळं सांगितलं. कागद वाचून दाखवला. ती शांतपणे भाकरी मोडत राहिली.

"मला ठावं हुतं," म्हणाली. "मोजून टाकणारा माणूस त्यो. आता असं कर. ह्यास्नी चांगलं म्हणा असं मी म्हणत न्हाई. आबाला, म्हाकूला दोष देऊ नगा. नुसतं ह्यांचं नाव घ्यायचं सोडा म्हणावं. एवढंच कर."

"एवढंच केलं तरी शंभरातल्या एक्केचाळीस वेळा काठ्या निघतील, आई. माणसं मरतील."

"आन् नाव घेत ऱ्हायलं तर?"

"सहा."

"तू लोकांच्या भांडणात बसतीस तवा ह्येच सांगतीस व्हय त्यास्नी?"

"हेच."

"बरं हाय," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भांडण केलं असतं तर परवडलं असतं. भांडणाचं काय करायचं ते मला येतं. नवऱ्याशी बोलायची, टीव्हीशी बोलायची, मी आले की गप्प. नवव्या दिवशी सकाळी इरकल लुगडं नेसून जीपजवळ येऊन उभी राहिली. "मी येणार. एक सबूद बोलायची न्हाई." मी दार उघडलं. सहीचा निर्णय माझा झाला होता. जायचं, हौदावरचा कार्यक्रम उरकायचा, सही करायची, परत यायचं.

गावानं मला ओळखलं नाही असं कसं होईल? महिनाभर येत होते. पण सगळे म्हणायचे, "या म्याडम, बसा म्याडम," आणि नजर चुकवायचे. त्या दिवशी आईला बघून मात्र पाराखालची माणसं उठून उभी राहिली. बाया कुजबुजल्या. एकीनं चटई टाकली. आई बसली, तिला चहा दिला.

हौदाशी शाळेची पोरं रांगेत उभी होती, सर त्यांची तयारी करून घेत होते. "आवाज बारीक येतोय! परत! चूक कुणाची?"

"ग्यानबा परटाची!"

"हां, असं! परत!"

बारा वर्षांच्या आतली पोरं सगळी. अण्णांना बघितलेलं एकही नाही. आईच्या बशीतला चहा सांडला, तो तिनं पदरानं पुसला आणि खाली बघत बसली.

माझं डोकं फिरलं म्हणा. फिरायलाच हवं होतं कधीतरी. सरपंच ऋतुराज, आबांचा नातू, हातात कार्यक्रमाचा कागद घेऊन पुढं आला. आबा आणि नाना तांब्या धरून उभे राहिले, दोघं ऐंशीच्या घरातले. मी मधे गेले, म्हटलं, "थांबा," आणि अहवाल वाचला. गट नंबरासकट वाचला. अठ्ठावन्न माझ्या डोळ्यांसमोर होता, तरी वाचला.

कुणी ओरडलं नाही. 'अरे बापरे' नाही, 'खोटं आहे' नाही. म्हातारी माणसं सगळी मुकाट भुईकडं बघत होती.

"म्हाईत हाय, पोरी," म्हाकूनाना म्हणाले. "आमा समद्यास्नी म्हाईत हाय. टीसीएलनं कुटं मेंढरू मरतंय व्हय?"

यंत्र बोललेलं मोजतं. बारा वर्षांत गावात हे कुणी एकदाही बोललं नव्हतं, म्हणून यंत्राला वाटलं, यांना माहीतच नाही. आणि मीही तेवढीच खुळी, माझ्याच गावाला ओळखलं नाही.

"माहीत होतं, मग?" मी म्हटलं.

"मग काय सांगू! दोन मढी पडली व्हती. ह्यो माज्या अंगावर आला असता, मी ह्याच्या. ग्यानबाचं नाव मधी आलं आन् हात थांबलं. ज्याच्या मागं कुणी न्हाई, त्याचंच नाव पुढं येतंय, पोरी."

आबा चष्मा पुसत होते. "मी भेटाय जाणार हुतो त्याला," म्हणाले. "एकदा येष्टीत बसलो बी. तालुक्याला उतरलो, च्या पिलो, माघारी आलो."

"मग आता तरी घेऊ नका नाव," मी म्हटलं. "आता तर सगळं बोलून झालंय."

ऋतुराजनं कागद खाली-वर केला. पोरगा वाईट नाही, गडबडला होता. "म्याडम, पण मग कुणाचं घ्यायचं? प्रश्नाला उत्तर तर पायजे."

मागच्या तरण्यांची चुळबुळ मला दिसत होती. कोकऱ्यांचा एक जण पुटपुटला, "आबांच्या रानात बसवली व्हती म्हणा की." लगेच काळोख्यांकडून आलं, "आन् फुटव्यात घातली कुणी? आमी?" "बलावलं कुणी?" "ए, तोंड सांभाळून!" दोघं पुढं सरकले. त्यांच्यामागं आणखी चार. तांब्या धरलेले दोन्ही म्हातारे मधे सापडले. अठ्ठावन्नचा आकडा असा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी तो फक्त पडद्यावर बघितला होता.

मी तोंड उघडलं. दहा वर्षांत हजार वेळा म्हटलेलं ते वाक्य ओठावर आलं आणि मला म्हणवेना.

आई उठली. एक शब्द बोलणार नाही म्हणाली होती. गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि हौदापाशी आली. पंगतीसाठी पत्रावळ्या मांडून झाल्या होत्या, धाकटी पोरं आधीच जागा धरून बसली होती.

"घ्या बाबांनो," ती म्हणाली. "ह्यांचंच नाव घ्या. पोरं उपाशी बसल्यात."

पुढं सरकलेली पोरं जागच्या जागी थांबली. म्हाकूनानांनी डोळे मिटून घेतले. ऋतुराज माझ्याकडं बघत राहिला, मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते मी? त्यानं कागदावर बघून, हळूच, विचारलं, "चूक कुणाची?"

फक्त शाळेची पोरं ओरडली. मोठं माणूस एकही नाही, ना गावाचं ना धनगरांचं. पोरांना मधेच कळलं की आपणच ओरडतोय. ती बिचकली, एकमेकांकडं बघायला लागली आणि 'परटाची' म्हणेपर्यंत एकाच पोराचा आवाज उरला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो पण थांबला.

"पाणी कुणाचं?" याला मात्र सगळे मोठ्यानं बोलले. जरा जास्तच मोठ्यानं.

पंगतीत आई बायांच्या मधे बसली. आबा स्वतः रश्शाची बादली घेऊन वाढायला आले. नातू धावला, त्याला हातानंच मागं सारलं. आईपुढं वाकून म्हणाले, "वाढू का, वैनी?" "वाढा थोडं," आई म्हणाली. तिनं सगळं खाल्लं.

परत येताना जीपमध्ये मी मशीन उघडलं. दिवसभराचं बोलणं, नानांचं 'म्हाईत हाय'सुद्धा, त्यानं ऐकलं होतं, नवा आकडा काढला होता. मी अठ्ठावन्नच्या तयारीनं बघितलं. अकरा. पुन्हा चालवून पाहिलं. अकराच. दहाच्या वर गेला की बारा वर्षांचा समेट मिळत नाही, एकाच वर्षाचा मिळतो आणि अधिकाऱ्याला दरवर्षी येऊन बघावं लागतं. म्हणजे झालं, आणखी एक गाव माझ्या मानेवर. शिवाय वाढीचं कारण भरावं लागतं. यादी आली: अफवा, निवडणूक, पाणी, बाहेरच्यांची चिथावणी, इतर. मी 'इतर' निवडलं, समोरच्या रकान्यात कारण लिहिलं, खाली सही केली आणि पाठवून दिलं. साहेब उद्या फोन करतील, तेव्हा बघू.

"काय लिवलंस?" आईनं विचारलं. नऊ दिवसांत तिनं मला विचारलेला पहिला प्रश्न.

"लिहिलं, लोकांना लाज वाटली."

ती म्हणाली, "किती वाटली?"

"सहाचे अकरा झालेत. शंभरात पाच, एवढी."

"पाच," आई म्हणाली. तिनं बोटांवर एकदा मोजलं. "पाच बी लई झालं गं, कांचे." आणि अण्णा गेले तेव्हाही जी मोठ्यानं रडली नव्हती, ती माझी आई पदराचा बोळा तोंडात धरून हुंदके द्यायला लागली. मी ड्रायव्हरला जीप बाजूला घ्यायला सांगितली.